बाहेर पडण्याचे द्वार

एखादे काम कसे आरंभावे हे शिकविणारे गुरू पुष्कळ भेटतात; ते कोठे आणि कसे सोडावे हे शिकविणारा मात्र विरळा. अभिमन्यूची कथा या देशात कोणास ठाऊक नाही? चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्याला अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती; आणि त्या अपुऱ्या विद्येची किंमत त्या तरुण वीराला प्राणांनी मोजावी लागली. संगणकाच्या आज्ञावल्या, अर्थात प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांच्या जगातही असे व्यूह रोज रचले जातात. परंतु तेथे घडलेल्या एका मोठ्या अपघाताची कथा अभिमन्यूच्या कथेहून किंचित निराळी आहे. तेथे बाहेर पडण्याची विद्या लिहिणाऱ्यास होती. मात्र व्यूहाची वर्तुळे एकात एक गुंतलेली होती, आणि ज्या वर्तुळाचे दार उघडावयाचे त्याऐवजी त्याच्या बाहेरच्या वर्तुळाचे दार उघडले गेले. या एका चुकीमुळे १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील सर्वांत मोठी लांब पल्ल्याची दूरध्वनी-व्यवस्था सुमारे नऊ तास लुळी पडली.

हा प्रसंग नीट समजावयाचा, तर प्रथम संगणक काम कसे करतो याविषयी दोन साध्या गोष्टी ध्यानी घेतल्या पाहिजेत. पहिली गोष्ट लूपची. लूप म्हणजे फेरा. एकच काम पुनःपुन्हा करावयाचे असले, की आज्ञावलीत ते एकदाच लिहितात, आणि अमुक अट पुरी होईपर्यंत त्याचे फेरे घालावेत असे यंत्राला बजावतात. मतदारांची एक हजार नावांची यादी एखाद्या कारकुनाच्या हाती देऊन, तीत अमुक गृहस्थाचे नाव आहे काय, एवढेच पाहण्यास त्याला सांगितले अशी श्रोत्यांनी कल्पना करावी. कारकून पहिल्या नावापासून एकेक नाव वाचीत जाईल. चाळिसाव्या ओळीवर हवे ते नाव सापडले, की तो यादी मिटून ठेवील. उरलेली नऊशे साठ नावे वाचावयास पाहिजेत असे त्याच्या मनातही येणार नाही.

यंत्राचे तसे नाही. त्याला हजार नावे वाचण्यास सांगितले, तर चाळिसाव्या ओळीवर नाव सापडूनही ते हजारावी ओळ गाठल्यावाचून राहत नाही. काम झाले, आता पुरे, ही समज यंत्राच्या ठायी उपजत नसते. ती शब्दांनी पुरवावी लागते. सी या संगणक-भाषेत आणि तिच्या कुळातील अनेक भाषांत त्यासाठी योजलेला शब्द म्हणजे ब्रेक. नाव सापडले, की ब्रेक. फेरे तेथेच थांबतात आणि यंत्र लूपच्या बाहेरील पुढल्या कामास लागते. हवे असलेले नाव यादीत कोठेही असण्याचा संभव सारखाच असेल, तर या एका शब्दाने सरासरीने निम्मे श्रम वाचतात.

तथापि प्रश्न केवळ श्रमांचा नाही. समजा, त्या यादीत त्याच नावाचे दोन गृहस्थ आहेत, आणि काम पहिल्याचा क्रमांक टिपून घेण्याचे आहे. यंत्र वेळीच थांबले नाही, तर पुढे सापडलेला दुसरा क्रमांक ते पहिल्याच्या जागी लिहून मोकळे होईल, आणि उत्तर चुकेल. म्हणजे वेळीच बाहेर पडणे ही कित्येकदा काटकसर नसून कामाच्या खरेपणाची अटच असते. याच शब्दाचे एक धाकटे भावंड आहे, त्याचे नाव कंटिन्यू. यादीतील एखादे नाव खोडलेले असेल, तर ते सोडून पुढच्या नावाकडे वळावे, पण यादी मिटू नये, असे सांगावयाचे असते तेव्हा कंटिन्यू उपयोगी पडतो. ब्रेकने फेरे संपतात. कंटिन्यूने फक्त चालू फेरा आटोपता घेतला जातो.

दुसरी गोष्ट स्विचची. टपाल-कचेरीत पत्रांची वर्गवारी करणारा माणूस पाकिटावरचा पत्ता पाहतो आणि ज्या त्या गावच्या कप्प्यात पत्र टाकतो. आज्ञावलीतील स्विच हेच काम करतो. समोर आलेली वस्तू कोणत्या जातीची आहे हे पाहून, त्या जातीसाठी लिहून ठेवलेल्या कामाकडे तो यंत्राला धाडतो. परंतु सी भाषेतील स्विचमध्ये एक विलक्षण प्रकार आहे. तेथील कप्प्यांना मध्ये भिंती नाहीत. पहिल्या कप्प्याचे काम संपले, की यंत्र आपण होऊन थांबत नाही. ते दुसऱ्या कप्प्याचे काम करू लागते, मग तिसऱ्याचे, आणि असे शेवटपर्यंत. आगगाडीच्या भाषेत बोलावयाचे, तर गाडी कोणत्या स्थानकापासून सुटावी एवढेच स्विच ठरवितो. ती कोठे थांबावी हे प्रत्येक वेळी निराळे सांगावे लागते. आणि ते सांगण्यासाठीही शब्द योजला आहे तो ब्रेकच.

दोन जातींच्या वस्तूंसाठी एकच काम करावयाचे असले, तर ही भिंत नसलेली रचना सोयीची पडते, हे खरे. पण अशी सोय लागते किती वेळा? पीटर व्हॅन डर लिंडेन यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सी भाषेवरील ग्रंथात याचा एक हिशेब दिला आहे. सन या कंपनीच्या सी-अनुवादकाच्या मूळ आज्ञावल्या तपासल्या असता, एका कप्प्यातून दुसऱ्यात घसरत जाण्याची ही मुभा अवघ्या तीन टक्के ठिकाणी उपयोगात आणलेली आढळली. उरलेल्या सत्त्याण्णव टक्के ठिकाणी ती थोपविण्यासाठी ब्रेक लिहावा लागला होता. जे क्वचित हवे असते ते न मागता मिळावे आणि जे नेहमी हवे असते त्यासाठी दर वेळी आठवणीने शब्द लिहावा, अशी ही उलटी रीत झाली. आठवण एकदा चुकली, की चूक ठरलेली.

याहूनही सूक्ष्म अडचण आहे ती एका शब्दावर दोन कामे सोपविल्याची. जुन्या वाड्यात माजघर असे, माजघराबाहेर ओसरी, ओसरीपुढे चौक आणि चौकापलीकडे दिंडीदरवाजा. माजघरात दंगा करणाऱ्या मुलाला आजोबांनी ‘बाहेर हो’ म्हटले, तर त्याने ओसरीवर जावे की थेट रस्त्यावर? घरातील मुलाला आजोबांच्या आवाजावरून अर्थ कळतो. यंत्राला आवाज नाही आणि अर्थही नाही. त्याला फक्त नियम आहे. नियम असा, की ब्रेक भेटला म्हणजे त्याला वेढणाऱ्या सर्वांत जवळच्या लूपमधून किंवा स्विचमधून बाहेर पडावे. लूपच्या पोटात स्विच असेल आणि स्विचच्या आत ब्रेक लिहिला असेल, तर यंत्र स्विचमधून बाहेर येते, परंतु लूपमध्येच राहते. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र कदाचित संपूर्ण लूप सोडावयाचा असतो.

आणि आणखी एक. आज्ञावलीत ‘जर अमुक असेल तर तमुक करावे’ अशा अटींची वाक्येही असतात. ती कागदावर लूपसारखीच महिरपी कंसांत बंदिस्त दिसतात. पण ब्रेकच्या नियमात ‘जर’ला मुळी स्थानच नाही. ब्रेकच्या दृष्टीने लूप आणि स्विच या दार असलेल्या खोल्या आहेत. ‘जर’ हा केवळ मध्ये टांगलेला पडदा आहे. पडद्याआडून बाहेर हो असे समजून ज्याने ब्रेक लिहिला, त्याचे यंत्र पडदाच काय, खोली ओलांडून जाते. १९९० साली जे घडले ते नेमके हेच.

एकाच शब्दाला दोन अर्थ कसे चिकटले, याचा इतिहासही उद्बोधक आहे. सी भाषेची आजी म्हणता येईल अशी बीसीपीएल नावाची भाषा केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ च्या सुमारास घडविली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन केन थॉम्प्सन यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बी ही भाषा तयार केली, आणि त्याच प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांच्या हातून सी भाषा आकारास आली. बीसीपीएलमध्ये पुढे लूप सोडण्याचा शब्द निराळा आणि स्विचसारखी रचना सोडण्याचा शब्द निराळा अशी स्वच्छ वाटणी झाली. मात्र रिची यांनी १९९३ साली लिहिलेल्या आपल्या भाषेच्या इतिहासात नमूद केले आहे, की त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भाषा १९६० च्या दशकात आत्मसात केली तेव्हा हा दुसरा शब्द तिच्यात नव्हताच. म्हणून बी आणि सी यांमध्ये ब्रेकवर दुहेरी ओझे पडले. ते कोणी विचारपूर्वक ठरविले नव्हते. दोन शाखा वेगवेगळ्या वाढल्या, एवढेच. एका फांदीला जी पालवी नंतर फुटली ती दुसऱ्या फांदीला मिळाली नाही, आणि त्या उणेपणासह दुसरी फांदीच जगभर पसरली.

आता त्या जानेवारीतील सोमवाराकडे वळावे. बेल प्रयोगशाळा त्या काळी ज्या कंपनीची होती, त्या ए. टी. अँड टी. या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या दूरध्वनी-जाळ्यात त्या वेळी एकशे चौदा मोठी स्वयंचलित केंद्रे होती. प्रत्येक केंद्र म्हणजे एक मोठा संगणकच. डिसेंबर १९८९ च्या मध्यास या सर्व केंद्रांत सुधारलेली आज्ञावली बसविण्यात आली होती. सुधारणेचा हेतू उत्तम होता. एखादे केंद्र काही कारणाने क्षणभर बंद पडून पुन्हा चालू झाले, की पूर्वी ते शेजारच्या केंद्रांना ‘चालू झालो’ असा स्वतंत्र निरोप धाडीत असे. नव्या रचनेत त्या निरोपाची गरज उरली नाही. त्या केंद्राकडून पुढच्या संभाषणाचा निरोप आला, की ते चालू झाले असे शेजाऱ्यांनी समजावे आणि आपल्या नोंदीत तशी दुरुस्ती करावी, असे ठरले. तेवढाच वेळ वाचेल, हा उद्देश. जवळजवळ एक महिना सारे सुरळीत चालले.

१५ जानेवारीस दुपारी न्यूयॉर्कमधील एका केंद्रात किरकोळ बिघाड झाला. नियमाप्रमाणे त्याने नवे काम घेणे थांबविले, चार ते सहा सेकंदांत स्वतःस सावरले आणि पुन्हा निरोप धाडण्यास आरंभ केला. येथवर भिण्यासारखे काही नव्हते. असे प्रसंग गृहीत धरूनच ती यंत्रणा बांधलेली होती. पण सावरलेल्या केंद्राकडे साचलेले काम पुष्कळ होते, आणि त्याचे दोन निरोप एकाच शेजारी केंद्रास सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतराने पोहोचले. पहिल्या निरोपाची व्यवस्था लावीत असतानाच दुसरा येऊन थडकला.

अशा वेळी त्या केंद्राने काय करावे, हे आज्ञावलीत लिहिलेले होते. पुढे प्रसिद्ध झालेल्या वर्णनानुसार तिचा आशय कचेरीच्या भाषेत असा सांगता येईल. निरोप असेपर्यंत फेरे घालावेत, हा लूप. प्रत्येक निरोपाची जात पाहून त्या त्या कप्प्याकडे जावे, हा स्विच. येणाऱ्या निरोपाच्या कप्प्यात लिहिले होते, की निरोप धाडणारे केंद्र ‘बंद’ म्हणून नोंदलेले असल्यास आधी आपली जावक-पेटी रिकामी आहे काय ते पाहावे. रिकामी असल्यास, ते केंद्र चालू झाल्याची नोंद पाठवावी. रिकामी नसल्यास, ब्रेक. त्यानंतरची ओळ अशी होती, की मूळ निरोपाचा उलगडा करावा आणि त्याच्यासोबतची पूरक माहिती कोठे ठेवली आहे त्याच्या खुणा मांडाव्यात. आणि स्विच संपल्यावर, त्या खुणांच्या आधारे पूरक काम उरकावे.

जावक-पेटी रिकामी नसेल, तर नोंद पाठविण्याचा हा खटाटोप तूर्त सोडून निरोपाच्या उलगड्याकडे वळावे, हा तेथील हेतू होता. म्हणजे लिहिणाऱ्याला केवळ ‘जर’च्या पडद्याआडून बाहेर यावयाचे होते. परंतु ब्रेकला पडदा दिसत नाही. यंत्र थेट स्विचच्या बाहेर आले. निरोपाचा उलगडा झालाच नाही, खुणा मांडल्याच गेल्या नाहीत. आणि पुढच्या ओळीने मात्र त्या न मांडलेल्या खुणांवर विश्वासून काम आरंभले. परिणामी भलत्याच जागी मजकूर लिहिला जाऊन आधीची माहिती पुसली गेली. एरवी जावक-पेटी बहुधा रिकामी असे, म्हणून ही वाट महिनाभर कोणी तुडविलीच नव्हती. दोन निरोप अगदी पाठोपाठ आले तेव्हाच तिचे दार उघडले.

यानंतरची घटना विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. माहिती बिघडल्याचे त्या केंद्रातील पहारेकरी यंत्रणेच्या ध्यानी आले, आणि तिने आपले कर्तव्य चोख बजावले: केंद्र काही सेकंद बंद करून ते पुन्हा सुरू केले. राखीव यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्यामुळे तिचा आधार टिकला नाही. सावरलेल्या केंद्राने आपल्या शेजाऱ्यांना भराभर निरोप धाडले. त्यांतील काहींना दोन निरोप पाठोपाठ मिळाले. तीही कोसळली, सावरली आणि त्यांनी आपापल्या शेजाऱ्यांवर तेच संकट लोटले. एकशे चौदाही केंद्रांत एकच आज्ञावली, म्हणून सर्वांचे मर्मस्थान एकच. दुरुस्तीची प्रत्येक कृती नव्या बिघाडाचे बीज ठरू लागली. न्यू जर्सीमधील बेडमिन्स्टर येथील नियंत्रण-कक्षात दुपारी अडीचच्या सुमारास फलकांवर धोक्याच्या तांबड्या खुणा उमटू लागल्या आणि पाहता पाहता देशभर पसरल्या.

रात्री साडेअकराच्या सुमारास, निरोपांचा भार कमी केल्यानंतर, जाळे स्थिर झाले. त्या नऊ तासांत त्या जाळ्यावरून लावलेले सुमारे निम्मे दूरध्वनी लागलेच नाहीत. केवळ न जोडलेल्या संभाषणांपायी कंपनीचे सहा कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाल्याचा अंदाज वर्तविण्यात आला. विमान-कंपन्या, हॉटेले आणि ज्यांचा सारा व्यवहार दूरध्वनीवर चालतो अशा व्यापाऱ्यांची हानी त्याहून निराळी. आजारी आप्ताची खबर घेण्यासाठी यंत्र हाती धरून बसलेल्या माणसाची तगमग तर कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. कोणी घुसखोराने हे कृत्य केले असावे, असा संशयही त्या काळी काहींच्या मनात आला. पण शत्रू बाहेरचा नव्हता. सी भाषा जेथे जन्मली त्याच घराण्याच्या अंगणात, त्याच भाषेतील एका शब्दाने हा घात केला होता.

मग वेळेआधी बाहेर पडणेच निषिद्ध मानावे काय? असे म्हणणारा पक्ष संगणक-शास्त्रात होता आणि आजही आहे. १९६६ साली कोराडो बॉम आणि ज्युझेप्पे याकोपिनी यांनी गणिताने दाखवून दिले, की क्रम, निवड आणि आवर्तन या तीन रचना हाताशी असल्या, तर आज्ञावलीत मनमानी उड्यांची गरज नाही. मार्च १९६८ मध्ये एडस्गर डाइक्स्ट्रा यांचे, गो टू या उडी मारण्याच्या आज्ञेचा धिक्कार करणारे छोटे पत्र प्रसिद्ध झाले आणि त्याने मोठी खळबळ उडविली. त्यांचा मुद्दा मार्मिक होता. वाचणाऱ्याचा डोळा कागदावरून वरून खाली जातो. यंत्राचे कामही शक्यतो त्याच वाटेने गेले, तरच माणसाला त्याचा माग काढता येतो. या विचाराचे कट्टर अनुयायी पुढे असे म्हणू लागले, की प्रत्येक रचनेला प्रवेशाचे दार एक आणि निर्गमनाचे दारही एकच असावे. ब्रेक हीसुद्धा एक प्रच्छन्न उडीच होय.

या मतात तथ्य आहे, पण त्याचा अतिरेक केल्यास कागद वाचनीय होण्याऐवजी क्लिष्ट होतो. ब्रेक टाळावयाचा, तर ‘सापडले’ किंवा ‘सापडले नाही’ अशी एक निशाणी बाळगावी लागते, ती प्रत्येक फेऱ्यात तपासावी लागते, आणि नाव सापडल्यावर त्या फेऱ्यातील उरलेले काम निशाणी पाहून टाळावे लागते. निशाण्या वाढल्या, की त्यांच्यातच चुका घर करतात. डोनाल्ड नूथ यांनी १९७४ साली या वादावर एक विस्तृत निबंध लिहिला. त्यातील पहिलेच उदाहरण यादीत शोध घेण्याचे आहे, आणि मधूनच बाहेर पडण्याची सोय अशा ठिकाणी किती स्वाभाविक आहे हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा निवाडा मध्यममार्गी होता: उडी मारणे हे पाप नाही, आणि तिचा सर्वथा त्याग हेही पुण्य नाही, रचनेचा अर्थ स्पष्ट राहतो की नाही, एवढेच पाहावे.

१९९० च्या अपघाताची शिकवणही याच दिशेने जाते. दोष लवकर बाहेर पडण्यात नव्हता. कोठून बाहेर पडावयाचे हे त्या शब्दाने सांगितले नव्हते आणि लिहिणाऱ्याने ते मनाशी गृहीत धरले होते, यात होता. भाषा घडविणाऱ्यांपैकी अनेकांनी ही उणीव ओळखली. १९८३ साली प्रमाणित झालेल्या एडा भाषेत लूपला नाव देता येते आणि अमुक नावाच्या लूपमधून बाहेर पड, असे नेमके म्हणता येते. १९९५ साली आलेल्या जावा भाषेतही ब्रेकपुढे नाव लिहिण्याची सोय आहे. आजोबांनी ‘बाहेर हो’ म्हणण्याऐवजी ‘ओसरीवर जा’ म्हणावे, तसेच हे. पीएचपी या भाषेत किती थर ओलांडावयाचे तो आकडा लिहितात. पण आकड्यात एक दोष राहतोच, की मध्ये कोणी नवी भिंत उभारली म्हणजे जुना आकडा निमूटपणे खोटा ठरतो. नावाचे तसे होत नाही.

स्विचमधील घसरणीवरही उपाय झाले. पास्कल भाषेत १९७० पासूनच कप्प्यांना भिंती होत्या. २००९ साली प्रकाशात आलेल्या गो भाषेने आणि २०१४ च्या स्विफ्ट भाषेने जुनी रीत उलटी केली: काम संपले की यंत्र आपोआप थांबते, आणि पुढच्या कप्प्यात जावयाचेच असेल तर तसे उघड लिहावे लागते. मात्र याच गो भाषेत लूपच्या पोटातील स्विचमध्ये नुसता ब्रेक लिहिला, तर तो आजही स्विचच तेवढा सोडतो. लूप सोडण्यासाठी नाव द्यावेच लागते. सी भाषेत तर तो जुना नियम अजून कायम आहे. २०१७ साली जीसीसी या प्रसिद्ध अनुवादकात, कप्प्यातून कप्प्यात घसरणारी वाट आढळल्यास लिहिणाऱ्यास सावध करण्याची सोय आली. पण सावध करणारा घसरण ओळखू शकतो; मनातला हेतू ओळखू शकत नाही.

म्हणून जाणते लेखक काही साधे संकेत पाळतात. लूपच्या आत स्विच आणि स्विचच्या आत ‘जर’ अशी तीन मजली रचना करण्याऐवजी, आतील काम काढून स्वतंत्र छोट्या उपक्रमात ठेवावे. मग तेथून बाहेर पडणे म्हणजे त्या उपक्रमातून परतणे, आणि त्याचा अर्थ एकच राहतो. ब्रेक लिहिल्यावर, आता यंत्र कोणत्या ओळीवर जाऊन उभे राहील, त्या ओळीवर बोट ठेवून पाहावे. आणि ती ओळ ज्या माहितीवर विसंबून आहे ती माहिती या वाटेने येतानाही सिद्ध झालेली असते काय, हे विचारावे. १९९० साली हा शेवटचा प्रश्न कोणी त्या ओळीपाशी थांबून विचारला असता, तर उत्तर ‘नाही’ असे मिळाले असते, आणि ती दुपार इतर दुपारांसारखीच गेली असती.

सामान्य माणसाला आज्ञावल्या लिहावयाच्या नसतात. परंतु त्याचा दूरध्वनी, त्याची बँक, त्याचे आगगाडीचे तिकीट आणि रुग्णालयातील त्याची नोंद, हे सारे अशाच ओळींवर उभे आहे. त्या ओळी लिहिणारा माणूस बुद्धिमान असतो, कष्टाळूही असतो; चुकतो तो बहुधा जेथे शब्द ओळखीचा वाटतो तेथे. अपरिचित शब्दापाशी माणूस थांबतो आणि चौकशी करतो. परिचित शब्दावरून त्याची लेखणी घसरत जाते. व्यूहातून वेळीच बाहेर पडणे ही विद्या खरीच; मात्र बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी दाराच्या पलीकडे कोणते अंगण आहे हे पाहून घेणे, हा त्या विद्येचा उत्तरार्ध आहे, आणि तो शिकल्याखेरीज पूर्वार्ध पुरा होत नाही.